संप केला, हरताळ पाळला आणि गिरणी बंद ‘पडली’

आजचा विषय एका इंग्रजी क्रियापदाचा आहे, पण तो आपल्याला थेट परळ-लालबागच्या गिरण्यांपर्यंत घेऊन जाणार आहे. क्रियापद आहे ‘स्ट्राइक’. शाळेत आपण त्याचा अर्थ शिकलो मारणे, प्रहार करणे. घड्याळाचे ठोकेही त्यानेच पडतात आणि काडेपेटीतली काडीही त्यानेच पेटते. मग काम थांबवण्याशी त्याचा संबंध कुठून आला?

तर जहाजांवरून. शीड खाली उतरवणे यालाही इंग्रज खलाशी ‘स्ट्राइक’च म्हणत. १७६८ साली लंडनच्या बंदरात मजुरीसाठी भांडणाऱ्या खलाशांनी जहाजांची शिडं उतरवून ठेवली. शीडच नाही तर जहाज हलणार कसं? तिथून काम बंद ठेवण्याला हा शब्द चिकटला.

आपला शब्द संप. गुजरातीत ‘संप’ म्हणजे आजही एकोपा. मराठी शब्दाच्या मुळाशीही मिळून ठरवणं, एकी करणं हाच अर्थ आहे. म्हणजे बघा, इंग्रजी शब्द काम कसं थांबलं ते सांगतो आणि आपला शब्द ते कुणाच्या बळावर थांबलं ते सांगतो.

याच्या शेजारी दुसरा शब्द आहे हरताळ. हाट म्हणजे बाजार, त्याला ताळा म्हणजे कुलूप. आता क्रियापदं ऐका. संप आपण ‘करतो’, हरताळ ‘पाळतो’, जसा उपास पाळतो, सुतक पाळतो. संपात समोर मालक असतो आणि मागणी असते. हरताळात निषेध असतो, दुःख असतं. २२ जुलै १९०८ ला लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबानं सहा दिवस काम बंद ठेवलं. मालकाकडे पगारवाढ मागितली नव्हती. साधन संपाचं होतं, भाव हरताळाचा. म्हणून या घटनेला पुस्तकांत दोन्ही नावं सापडतात, आणि दोन्ही बरोबर आहेत.

१९२८ चं तसं नाही. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने, सुमारे दीड लाख कामगार ‘संपावर गेले’. गिरणी कामगार युनियन याच संपात उभी राहिली. शेवटी तडजोड झाली, चौकशीसाठी फॉसेट समिती नेमली गेली आणि संप ‘मिटला’. हे ‘मिटणं’ महत्त्वाचं आहे बरं का. मिटायला दोन्ही बाजू लागतात. नाहीतर संप ‘मागे घेतला’ जातो, त्याला पुढारी लागतो. किंवा संप ‘फुटतो’, त्याला फोडणारा लागतो.

आता १८ जानेवारी १९८२ वर येऊ. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगार, बोनस, बदली कामगारांचे प्रश्न या मागण्या होत्याच. त्याशिवाय १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यालाही विरोध होता. त्या कायद्यानं कामगारांच्या वतीनं बोलण्याचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. कामगार एकीकडे आणि त्यांचा कायदेशीर प्रतिनिधी दुसरीकडे, असा हा पेच होता.

हा संप कधी संपला? तारीख सांगता येत नाही. तो मिटला नाही आणि रीतसर मागेही घेतला गेला नाही. काही गिरण्या हळूहळू सुरू झाल्या, हजारो लोकांना परत घेतलंच नाही, आणि १९८३ मध्ये तेरा गिरण्यांचं व्यवस्थापन सरकारनं हातात घेतलं. संप सुरू झाल्याचा दिवस आहे, शेवटाला क्रियापदच नाही.

त्या जागी एक वाक्य येऊन बसलं: ‘संपामुळे गिरण्या बंद पडल्या.’ ‘पडल्या’ म्हणजे घड्याळ बंद पडतं तशा, आपोआप. कायद्यात मात्र शब्द वेगवेगळे आहेत. कामगार करतो तो संप. मालक तात्पुरतं कुलूप लावतो ती टाळेबंदी. आणि कायमचं बंद करणं ही तिसरी गोष्ट, मोठ्या कारखान्याला तिच्यासाठी सरकारची परवानगी लागते. या तिन्हींना कर्ता आहे. ‘बंद पडली’ला नाही.

संपाचा वाटा नव्हता असं मी म्हणत नाही. पण यंत्रं आधीच जुनी झाली होती आणि संपाच्या काळात कापडाचं काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे गेलं. मग आला जमिनीचा प्रश्न. १९९१ च्या नियमानं गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी आणि एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी द्यायचा होता. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल कायम ठेवला. नियम बदलला, जमीन विकली, मॉल बांधला, या प्रत्येकामागे करणारा कुणीतरी आहे.

२०२० मध्ये ‘लॉकडाऊन’लाही आपण टाळेबंदीच म्हणालो. आजच्या मुलाला त्या शब्दात साथ ऐकू येते, त्याच्या आजोबांना गिरणीचं फाटक दिसतं. म्हणून गिरणगावाचा इतिहास वाचताना एक सवय लावून घ्या. वाक्यात ‘पडलं’, ‘झालं’, ‘गेलं’ असं आलं की थांबा आणि विचारा: कुणी केलं? अडीच लाख कुटुंबांचं काय झालं याचं उत्तर त्या कर्त्याशिवाय पुरं होत नाही.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर आता घेऊ या.