तारांचे चाक : इंग्लिश स्पोर्ट्स मोटारीच्या एका अंगाचा इतिहास

मोटारीचा इतिहास लिहिताना एंजिनाकडे जितके लक्ष दिले जाते तितके चाकाकडे दिले जात नाही. एंजिनाचा शोधक, त्याची अश्वशक्ती, त्याने मिळविलेल्या शर्यती यांची नोंद काळजीपूर्वक होते. चाक मात्र गाडीबरोबर आपोआप आले असे गृहीत धरले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत इंग्लंडात ज्या लहान, उघड्या स्पोर्ट्स मोटारी निर्माण झाल्या त्यांच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष खटकते. एम.जी., ऑस्टिन-हीली, ट्रायम्फ आणि जग्वार यांची नावे काढताच डोळ्यांपुढे येणारे चित्र तारांच्या चाकांचे असते. आणि आज अशी जुनी गाडी पुन्हा उभी करणाऱ्यापुढे पहिला अवघड प्रश्न पुष्कळदा चाकांचाच असतो. कोणती चाके घ्यावीत, कोठून मिळवावीत आणि मूळची कोणती होती, या तीन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की पहिल्या दोहोंचा निर्णय तिसऱ्यावाचून होऊ नये. तो होतो, ही गोष्ट वेगळी.

बैलगाडीचे चाक आणि तारांचे चाक ही दिसायला सजातीय असली तरी त्यांचे तत्त्व परस्परविरुद्ध आहे. लाकडी चाकात तुंब्यावरचा भार खालचे आरे दाबाने पेलतात. धाव तापवून बसवायची ती हे सारे अवयव आवळून धरण्यासाठी. बारीक तार दाब सोसू शकत नाही, ती वाकते. परंतु ताण सोसण्याचे तिचे सामर्थ्य मोठे. म्हणून तारांच्या चाकात प्रत्येक तार आधीच ताणून बसवितात आणि भार आला की खालच्या तारांचा ताण थोडा उतरतो, इतकेच. सर जॉर्ज केली याने १८०८ साली आपल्या उड्डाणयंत्रासाठी ही कल्पना मांडली. पॅरिसमध्ये यूजीन मेयर याने १८६९ मध्ये सायकलीच्या चाकासाठी तिचे पेटंट घेतले, आणि कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने १८७४ मध्ये तारा तुंब्याला स्पर्शरेषेत बसविण्याची रीत काढली. ही शेवटची सुधारणा दिसते त्याहून महत्त्वाची होय. तुंब्यापासून सरळ बाहेर जाणाऱ्या तारा गाडीचा भार पेलतील, पण तुंबा फिरवून चाकाला गती द्यावयाची म्हटले तर त्या पिळल्या जातात. तिरप्या तारांमुळे गती देणारा आणि रोखणारा असा दोन्ही प्रकारचा पीळ ताणातच रूपांतरित झाला. सायकलीच्या दुकानात आउट काढणारा कारागीर आजही ज्या जाळीशी खेळतो ती हीच.

कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीला तारांचीच चाके होती. पुढे गाड्या जड झाल्या आणि तोफगाड्याच्या धर्तीची लाकडी चाके रूढ झाली. तारांचे चाक मोटारीत परतले ते त्याच्या हलकेपणामुळे नव्हे, तर टायरच्या उपद्रवामुळे. त्या काळच्या रस्त्यांवर टायर वारंवार फुटत आणि चाक आसावर कायमचे बसविलेले असल्याने नवा टायर चालकाला रस्त्यातच चढवावा लागे. वेल्समधील लानेली गावी, स्टेपनी नावाच्या रस्त्यावर, डेव्हीस बंधूंनी १९०४ मध्ये यावर एक तोडगा काढला : हवा भरलेला टायर चढविलेली आऱ्यांविना धाव, जी फुटलेल्या चाकाच्या कडेला अडकवून घरापर्यंत जाता येई. ते साधन काही वर्षांत मागे पडले. नाव मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत राहिले; राखीव चाकाला ‘स्टेपनी’ म्हणणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना वेल्समधील त्या रस्त्याची वार्ता असेल.

१९०६ च्या पहिल्या फ्रेंच ग्रां प्री शर्यतीत रेनो गाडीचा चालक फेरेन्त्स सिस विजयी झाला, त्यात मिशलँच्या सुट्या धावांचा मोठा वाटा होता. इतरांना टायर कापून काढून नवा चढवावा लागे; सिसचे काम चार मिनिटांच्या आत होई. याच सुमारास, १९०६ ते १९०८ या काळात, सायकली बनविणाऱ्या कॉव्हेंट्रीच्या रज-व्हिटवर्थ कंपनीतील जॉन प्यू याने पुढचे पाऊल टाकले. धाव नव्हे, संपूर्ण चाकच एका मध्यवर्ती नटावर आसावरून उतरविता यावे अशी रचना त्याने सिद्ध केली. चाकाचा पोकळ तुंबा आसावरच्या दातेरी तुंब्यावर सरकतो. गती व रोध दातांमार्फत पोहोचतात. नट फक्त चाकाला जागेवर धरून ठेवतो. कॉव्हेंट्रीच्याच रायली कंपनीनेही सुट्या तारांच्या चाकांचा मोठा व्यापार केला आणि अग्रमान कोणाचा याविषयी दोन्ही पक्षांचे अभिमानी अद्याप हिरिरीने बोलतात. तथापि पुढील अर्धशतकात जी रचना टिकली ती प्रामुख्याने रज-व्हिटवर्थची, हे मान्य करावे लागते. १९०८ च्या फ्रेंच ग्रां प्रीच्या नियमांनी सुटी चाके वर्ज्य ठरविली आणि नेपिअर गाड्यांनी माघार घेतली. एखाद्या साधनावर बंदी घालावी लागते यावरून त्याच्या सामर्थ्याची कल्पना यावी.

या रचनेतील सर्वांत सूक्ष्म भाग म्हणजे नटाचे आटे. गाडीच्या डाव्या बाजूस उजवे आटे आणि उजव्या बाजूस डावे आटे असतात. म्हणजे गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने नट सैल होतो. वरवर पाहणाऱ्याला हे उफराटे वाटते. वस्तुतः नटाच्या आतील शंकू चाकाच्या निमुळत्या टोकावर टोपीसारखा बसतो आणि त्याहून किंचित मोठा असतो. सैल बांगडी मनगटावर घोळते त्याप्रमाणे भाराखाली नट चाकाच्या टोकावर अत्यल्प प्रमाणात घोळतो, आणि हे घोळणे चाकाच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने होते. परिणामी गाडी धावेल तसा नट घट्ट होत जातो. दुरुस्तीच्या वेळी डावे-उजवे तुंबे अदलाबदल करून बसविले तर हीच क्रिया नट सोडवू लागते आणि भर वेगात चाक निखळते. नटांवर बाजू आणि सोडविण्याची दिशा कोरण्याची प्रथा यासाठीच पडली. जुन्या गाडीचे सुटे भाग निरनिराळ्या ठिकाणांहून जमविणाऱ्याने ही अक्षरे नाव किंवा चकाकी यांच्या आधी वाचावीत.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात रज-व्हिटवर्थचे नाव शर्यतींशी एकरूप झाले. १९२३ साली ल मां येथे चोवीस तासांची पहिली शर्यत झाली ती रज-व्हिटवर्थ चषकासाठी. कंपनीच्या फ्रेंच शाखेचा प्रतिनिधी एमिल कोकीय याने तिला १,००,००० फ्रँकचे साहाय्य दिले. त्याआधीच्या वर्षी, १९२२ मध्ये, मिलान येथे कार्लो बोरानीने रज-व्हिटवर्थच्या परवान्यावर चाके बनविण्यास आरंभ केला. ॲल्युमिनियमच्या धावेची त्याची चाके पुढे फेरारी गाड्यांचे भूषण ठरली. इंग्लंडात या धर्तीच्या चाकांचे उत्पादन डनलॉपने कॉव्हेंट्रीत चालविले. पण १९२४ मध्येच बुगाटीने आपल्या पस्तीस क्रमांकाच्या गाडीला ओतीव ॲल्युमिनियमची चाके दिली होती. तारांना पर्याय नव्हता असे म्हणण्यास त्यानंतर जागा उरत नाही.

युद्धोत्तर काळातील एम.जी.चा अनुभव या दृष्टीने उद्‌बोधक आहे. १९४५ ते १९४९ या काळातील टी.सी. ही गाडी १९ इंच व्यासाच्या, ४८ तारांच्या अरुंद चाकांवर उभी होती; अशा सुमारे १०,००० गाड्या निघाल्या. १९४९ च्या अखेरीस आलेल्या टी.डी.ला पुढे स्वतंत्र निलंबन आणि १५ इंचांची पत्र्याची चाके मिळाली; तारांची चाके कारखान्याकडून मिळतच नसत. जुन्या भक्तांनी नाराजी व्यक्त केली. तरीही टी.डी.ची संख्या ३०,००० च्या घरात गेली आणि तिचा बहुतांश अमेरिकेने घेतला. १९५३ च्या टी.एफ.मध्ये तारांची चाके जादा किमतीवर पुन्हा उपलब्ध झाली. या क्रमाचा अर्थ उघड आहे. तारांवाचून गाडी विकली जात होती. तारा परतल्या त्या यंत्रशास्त्राच्या मागणीने नव्हे, ग्राहकाच्या मनातील प्रतिमेच्या मागणीने.

याचा अर्थ तारांना गुणच नव्हते असा मात्र नाही. जग्वार एक्सके-१२० मूळ पत्र्याच्या बंद चाकांवर आली. तिच्या वेगाला तिचे ड्रम ब्रेक पुरे पडत नसत, कारण तापलेल्या ड्रमपर्यंत वारा पोहोचत नसे. तारांच्या चाकांनी ती अडचण बरीच हलकी केली; मात्र नटाचे पंख बाहेर येत असल्याने मागील चाकांवरची झाकणे काढून टाकावी लागली आणि गाडीचे रूपच पालटले. पण डिस्क ब्रेक आले तसा हा युक्तिवाद दुबळा होत गेला. १९५१ व १९५३ मध्ये ल मां जिंकणारी जग्वार सी-टाइप तारांवर धावली. १९५४ च्या डी-टाइपला डनलॉपची हलक्या मिश्रधातूची सच्छिद्र चाके होती, आणि ती मध्यवर्ती नटानेच धरलेली होती. १९५८ च्या एम.जी.ए. ट्विन-कॅमलाही त्याच जातीची पत्र्याची चाके दिली गेली. झटपट सुटणारा नट आणि तारांची जाळी या दोन वेगळ्या वस्तू होत्या. अर्धशतकभर त्या एकत्र नांदल्या म्हणून त्यांना एकच समजण्याची चूक पुष्कळ लेखनात आढळते.

शर्यतीतून तारा मागे हटत असतानाच रस्त्यावरच्या गाड्यांत त्यांची संख्या वाढत होती. वळणावर चाकावर येणारा आडवा जोर हे तारांचे दुखणे; रुंद आणि अधिक पकड घेणाऱ्या टायरांनी ते वाढविले. ४८ तारांची चाके नेटाने हाकलेल्या ट्रायम्फ आणि ऑस्टिन-हीली गाड्यांत तुटू लागली, म्हणून ६० आणि नंतर ७२ तारांची आली. जग्वार ई-टाइपला आरंभापासून ७२ तारा होत्या. तरी तुंब्याजवळच्या बाकापाशी तारा तुटत आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात सरळ तारा घेणारा नवा तुंबा योजावा लागला. पंखांच्या नटाला मात्र यंत्रशास्त्राने नव्हे, कायद्याने घालविले. पादचाऱ्याला इजा होऊ नये म्हणून अमेरिकेने १ जानेवारी १९६८ पासून पंखांसारखे बाहेर आलेले भाग निषिद्ध केले आणि एम.जी.बी.वर अष्टकोनी नट आला. तो हातोडीच्या थेट घावाने नव्हे, वेगळ्या पान्याने सोडवावा लागे.

आता निवड करणाऱ्याकडे वळले तर असे दिसते की त्याच्यापुढील बहुतेक अडचणी या इतिहासातूनच निर्माण झालेल्या आहेत. एम.जी.बी.च्या नटांचे आटे इंचाला १२ आणि ८ असे दोन प्रकारचे आहेत. बाहेरून ते सारखेच दिसतात. तारांच्या चाकांसाठी बनविलेला मागचा आस पत्र्याच्या चाकांच्या आसाहून अरुंद आहे. म्हणून पत्र्याच्या चाकांच्या गाडीला जोडतुंबे लावून तारा बसविल्या की चाके बाहेर सरकतात आणि टायर मडगार्डला घासू लागतो. जुन्या तुंब्याचे दाते झिजून सुरीच्या पात्यासारखे धारदार झाले असतील तर ब्रेक दाबून धरल्यावरही चाक किंचित हलते, आणि गाडी पुढे-मागे घेताना खट्ट असा आवाज येतो. अशा तुंब्यावर नवे चाक चढविणे म्हणजे नव्या चाकाचा नाश करणे. दोन्ही एकत्रच बदलावी लागतात. काटकसर करू पाहणाऱ्याला हा सल्ला कडू लागतो, पण दात्यांनी हार खाल्ली तर गाडीला ना गती राहते ना रोध. तारांची परीक्षा त्या मानाने सोपी : मडके वाजवून घ्यावे तशी प्रत्येक तार वाजवावी, सैल तार बद्द बोलते. धावेला तारांची भोके असल्याने या चाकांना ट्यूब लागतेच, आणि तारांची टोके तिला टोचू नयेत म्हणून आत पट्टीही लागते.

इतिहासाच्या अभ्यासकाला यापुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटावा. त्या काळी कारखान्यातून बाहेर पडलेली बहुसंख्य तारांची चाके चंदेरी रंगाने रंगविलेली असत. क्रोमचा मुलामा जादा पैशांचा होता. आजच्या प्रदर्शनांत क्रोमची चाके भरपूर दिसतात, आणि मूळ ४८ तारांच्या गाडीवर ७२ तारा सर्रास आढळतात. सुरक्षिततेच्या दृष्टीने जादा तारांना दोष देता येणार नाही; पण अशा गाडीचे छायाचित्र १९५५ सालाचा पुरावा म्हणून छापले जाते तेव्हा तो पुरावा खोटा असतो. इंग्लंडात गेडन येथील ब्रिटिश मोटर म्यूझियममध्ये एम.जी. आदी कारखान्यांची उत्पादन-दप्तरे जतन केलेली असून त्यांच्या आधारे एखाद्या गाडीला मूळ कोणते साहित्य लावले होते याचा दाखला मिळू शकतो. दप्तर उपलब्ध नसेल तेथे एम.जी.बी.च्या बाबतीत मागच्या आसाची रुंदीच साक्ष देते. चाके बदलणे सोपे, आस बदलण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो.

एम.जी.बी.चे उत्पादन ॲबिंग्डन येथे ऑक्टोबर १९८० मध्ये थांबले. मॉर्गनसारख्या लहान कारखान्याचा अपवाद सोडल्यास नव्या इंग्लिश गाड्यांची मागणी जवळजवळ संपली आणि तारांचे चाक हा प्रामुख्याने जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा व्यापार झाला. बोरानीचे नाव इटलीत, डेटन कंपनीचे अमेरिकेत टिकून राहिले. भारतात टी.व्ही.एस. समूहाने १९६० च्या दशकाच्या आरंभी मद्रासनजीक पाडी येथे उभारलेल्या व्हील्स इंडियाच्या कारखान्यात ट्रक, बस व ट्रॅक्टर यांच्या पोलादी चाकांबरोबर तारांची चाकेही तयार होत आली आहेत. त्यामुळे इंग्लंडातील एखाद्या जुन्या गाडीचा मालक ‘अस्सल इंग्लिश’ म्हणून जे नवे चाक विकत घेतो त्याच्या तारा तमिळ कारागिराने ताणलेल्या असण्याचा संभव आहे. अशा चाकाला मूळचे म्हणावे की नाही, हा वाद इंग्लंडातील हौशी मंडळांत चालतो तेव्हा तो बहुधा क्रोमविषयी आणि तारांच्या संख्येविषयी चालतो. दाते आणि आटे यांविषयी क्वचित.