महत्तम साधारण विभाजक : इतिहास

दोन किंवा अधिक पूर्णांकांना ज्या संख्यांनी निःशेष भाग जातो, त्यांपैकी सर्वांत मोठ्या संख्येस त्यांचा महत्तम साधारण विभाजक (मसावि) म्हणतात. अवयव पाडून तो काढता येतो. तथापि मोठ्या संख्यांचे अवयव पाडणे कष्टाचे असल्याने परस्पर भागाकाराची रीतच इतिहासात महत्त्वाची ठरली.

यूक्लिड (इ. स. पू. सु. ३००) यांनी आपल्या भूमितिविषयक ग्रंथाच्या सातव्या खंडात मोठ्या संख्येतून लहान संख्या पुनःपुन्हा वजा करून मसावि काढण्याची रीत दिली आहे. भारतात पहिले आर्यभट यांनी आर्यभटीयात (४९९) परस्पर भागाकाराचा उपयोग निराळ्या हेतूने, म्हणजे अनिर्धार्य समीकरणे सोडविण्यासाठी केला. या रीतीस पुढे ‘कुट्टक’ (कुटून बारीक करणारा) हे नाव रूढ झाले. ग्रहगणितात तिचा मोठा उपयोग होई.

भास्कराचार्यांनी लीलावतीत (११५०) मसाविचे कुट्टकातील स्थान स्पष्ट केले. परस्पर भागाकारातील अखेरचा शून्येतर शेष म्हणजे ‘अपवर्तन’. त्याने भागल्यावर संख्या ‘दृढ’ होतात. त्यांच्या एका उदाहरणात २२१ ला कोणत्या संख्येने गुणून ६५ मिळविले असता १९५ ने निःशेष भाग जाईल, असे विचारले आहे. २२१ व १९५ यांच्या भागाकारांत शेष अनुक्रमे २६, १३ व ० येतात. म्हणून अपवर्तन १३. त्याने भागून १७, १५ व ५ या संख्या मिळतात आणि गुणक ५, भागाकार ६ हे उत्तर येते (२२१ × ५ + ६५ = १९५ × ६). क्षेप ६५ ऐवजी ६४ असता, तर त्यास १३ ने भाग जात नसल्याने उदाहरणच अशक्य ठरले असते. ही कसोटीही भास्कराचार्यांनी दिली आहे. यूक्लिड यांची रीत मसावि मिळताच थांबते. कुट्टकात मात्र तेथून पुढचे काम सुरू होते.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिला. निकुंभ राजांनी या मठास दिलेल्या दानाचा तेथील शिलालेख तेराव्या शतकाच्या आरंभीचा असून तो भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. महाराष्ट्रात या गणिताच्या अध्ययनाची परंपरा आठशे वर्षांहून जुनी असल्याचा तो पुरावा होय.

लहान संख्येत जितके अंक असतील त्यांच्या पाचपटीहून अधिक भागाकार या रीतीत करावे लागत नाहीत, असे गाब्रीएल लामे यांनी १८४४ मध्ये सिद्ध केले. या शीघ्रतेमुळेच संगणकीय गूढलेखनात ती आजही उपयोगात आहे.