जमा डावीकडे, नावे उजवीकडे

माझ्या आजोबांची एक वही माझ्याकडे आहे. लांबट, मधोमध शिवलेली, वर लाल खारव्याचं कापड. पानावर एकही छापील रेघ नाही. कागद दुमडून त्यावर सळ पाडलेत आणि त्या सळांचेच रकाने झालेत. डाव्या अर्ध्या पानावर जमा, उजव्या अर्ध्यावर नावे. सगळ्यात वर ‘श्री’, खाली बोरूने लिहिलेलं मोडी. रुपयांच्या आकड्यापुढे आण्यांच्या उभ्या-आडव्या रेघा. सळ अजून इतके ठसठशीत आहेत की डोळे मिटून बोट फिरवलं तरी रकाना कुठे संपतो ते कळतं.

आजोबा १९१३ साली तेरा वर्षांचे असताना रत्नागिरीकडून बोटीने मुंबईला आले आणि मशीद बंदरला नारळ-सुपारीच्या एका पेढीवर राहिले. पहिलं वर्षभर त्यांना वहीला हात लावू दिला नाही. गाद्या झटकायच्या, दौतीत शाई घालायची, कोऱ्या वह्यांना सळ पाडायचे. दुसऱ्या वर्षी दिवाणजी मोठ्याने नोंदी वाचायचे आणि हे रोजकीर्दीत उतरवायचे. मग खतावणी. तेरीज, म्हणजे साऱ्या खात्यांच्या दोन्ही बाजूंच्या बेरजांचा ताळा, जुळवायला बसवलं तेव्हा ते सतरा-अठरा वर्षांचे होते. एक पै कमी आली म्हणून अख्खी रात्र कंदिलापाशी काढल्याची गोष्ट ते शेवटपर्यंत सांगत. पै म्हणजे रुपयाचा एकशे ब्याण्णवावा भाग. पण ती सापडल्याशिवाय दिवाणजी कुणाला उठू देत नसत.

उधारी कुणाला द्यायची, कुणाची हुंडी घ्यायची, पावसाळ्यात बंदर बंद असताना माल किती धरायचा, हे सगळं ते तिथेच बसून शिकले. आज याच गोष्टींना आपण पतधोरण, खेळतं भांडवल, साठा-नियंत्रण म्हणतो आणि त्यांचे वेगवेगळे पेपर असतात. मी तीस वर्षं हे पेपर शिकवले. आजोबांना माहीत नव्हती अशी एखादी मूळ कल्पना त्यात मला फार क्वचित सापडली. त्यांच्यापाशी नव्हतं ते प्रमाणपत्र.

आजोबा पेढीवर लागले त्याच वर्षी, १९१३ मध्ये, याच शहरात सिडनहॅम कॉलेज सुरू झालं. आशियातलं हे पहिलं वाणिज्य महाविद्यालय मानलं जातं. नाव मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांचं. त्याआधी १९०० मध्ये सोहराब दावर यांनी खासगी वर्ग काढून व्यापारी शिक्षणाची सुरुवात केली होती. पण विद्यापीठाची पदवी, बी.कॉम., आली ती सिडनहॅमपासून. सुरुवातीला मानद प्राचार्य होते के. एस. अय्यर. त्यांच्यानंतर लंडनहून पर्सी अँस्टी आले. १९२० मध्ये पटकीने त्यांचं इथेच निधन झालं. त्यांच्या पत्नी व्हेरा अँस्टी लंडनला परतल्या, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवू लागल्या आणि भारताच्या आर्थिक विकासावरचा त्यांचा ग्रंथ १९२९ मध्ये आला. मुंबईतल्या त्या थोड्या वर्षांची शिदोरी त्यांना आयुष्यभर पुरली, असं मला नेहमी वाटतं.

या कॉलेजच्या इतिहासातली एक नेमणूक मात्र मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगत असे. नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० या काळात इथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते डॉ. भीमराव आंबेडकर. कोलंबियात शिकून आलेले, लंडनचं शिक्षण पैशाअभावी अर्धं टाकावं लागलेले, वय सत्तावीस. त्याआधी त्यांनी मुंबईत गुंतवणुकीबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय करून पाहिला होता. सल्लागार महार आहे हे कळल्यावर गिऱ्हाइकं यायची थांबली. कॉलेजात विद्यार्थी आधी थोडे अंतर राखून होते. पुढे त्यांची तयारी पाहून बाहेरच्या कॉलेजांतली मुलंही त्यांच्या तासाला येऊन बसू लागली. पण प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, अशी हरकत काही सहकाऱ्यांनी घेतली. पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचं कर्ज घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध आला १९२३ मध्ये. परतल्यावर, १९२५ ते १९२८, बाटलीबॉयांच्या लेखाशिक्षण संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवत होते. घटनाकार आंबेडकर सगळ्यांना ठाऊक आहेत. वाणिज्याच्या मुलांना उधारी-उसनवारीचा कायदा समजावून सांगणारे आंबेडकर वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक नसतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

बाटलीबॉय, दावर यांच्या संस्थांचं महत्त्व आपण कमी लेखतो. मुंबईत १९१८ मध्ये सरकारी लेखाशास्त्र पदविका, म्हणजे जी.डी.ए., सुरू झाली. चार्टर्ड अकाउंटंट्सची संस्था पुढे १९४९ मध्ये आली. मधल्या तीस वर्षांत कचेऱ्यांतले कारकून, पेढ्यांतली मुलं, गिरण्यांच्या हपिसातले हिशेबनीस असल्या खासगी वर्गांत जाऊन शिकले आणि वर सरकले. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती. मुंबईतल्या व्यापारी शिक्षणाचं मूळ मला त्याच जातकुळीचं दिसतं. दिवसभर पोटामागे असलेल्या माणसाला उरलेल्या वेळात विद्या मिळावी, ही ती धडपड.

आंबेडकरांनी स्वतः कॉलेज काढलं तेव्हा हीच गोष्ट केली. १९४६ चं सिद्धार्थ कॉलेज सकाळी भरायचं, कारण तिथल्या मुलांना दहा-साडेदहाला कामावर हजर व्हायचं असे. १९५३ मध्ये आंबेडकरांच्याच संस्थेचं वाणिज्य आणि अर्थशास्त्राचं कॉलेज फोर्टात सुरू झालं. ज्या विषयाच्या कॉलेजात पाण्याच्या भांड्यावरून त्यांना अडवलं, त्याच विषयाचं दार त्यांनी पस्तीस वर्षांनी नोकरदार मुलांसाठी सकाळी उघडलं. एवढ्या एका गोष्टीवर मी पूर्ण तास घेत असे आणि अभ्यासक्रम मागे पडला तरी मला चालायचं.

मीही सकाळच्याच कॉलेजची. १९७१ साली पावणेसातचा पहिला तास असे. त्यासाठी गिरगावातून साडेसहाला निघायचं आणि कॉलेज सुटलं की थेट एका वखारीत हिशेब लिहायला. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या पिशवीत जेवणाचा डबा आणि कामावरच्या किल्ल्या असत. जमा-नावे शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर खात्याचा टी काढला. डावीकडे डेबिट, उजवीकडे क्रेडिट. घरी येऊन मी वही आजोबांपुढे धरली. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “बाय, हे उलटं लिवलंय.” कारण आमच्या खतावणीत जमा डावीकडे, नावे उजवीकडे. मग त्या रात्री त्यांनी त्यांची वही काढली, मी माझी काढली आणि एकच व्यवहार आम्ही दोन्हींत लिहिला. शंभर रुपयांच्या सुपाऱ्या उधार विकल्या. त्यांच्या वहीत गिऱ्हाइकाच्या नावे उजवीकडे शंभर पडले, माझ्या वहीत डावीकडे. बाजू बदलली, पण तेरीज तीच आली. डेबिट-क्रेडिट मला त्या रात्री समजलं. आजोबांच्या या पद्धतीचा, म्हणजे देशी नाम्याचा, एक छोटा धडा तेव्हा आमच्या पाठ्यपुस्तकात होता. परीक्षेला तो येत नाही, म्हणून कुणी वाचत नसे.

व्यवस्थापन हा शब्द मी कॉलेजात जवळजवळ ऐकलाच नव्हता. आमच्याकडे वाणिज्य होतं. पुण्यात १९४३ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीने बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय काढलं. त्याचे पहिले प्राचार्य द. गो. कर्वे. ग्रामोद्योग आणि लघुउद्योगांवरची १९५५ ची कर्वे समिती ती यांचीच. तिकडे प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर धनंजयराव गाडगीळ सहकारी साखर कारखान्याचं गणित मांडत होते. म्हणजे संस्था चालवायचं शास्त्र महाराष्ट्रात होतं, शिकवलंही जात होतं, फक्त त्याला ते नाव नव्हतं.

ते नाव घेऊन संस्था आल्या त्या बाहेरून. कलकत्त्यात १९५३ मध्ये समाजकल्याण व व्यवसाय व्यवस्थापन संस्था निघाली. १९५९ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने कॅलिफोर्निया विद्यापीठाचे जॉर्ज रॉबिन्स भारतात आले आणि व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय संस्था काढण्याचा अहवाल दिला. त्यात मुंबईचं नाव होतं. प्रत्यक्षात १९६१ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याची आणि डिसेंबरात अहमदाबादची संस्था स्थापन झाली. मुंबईच्या वाट्याची संस्था विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई यांनी नव्या गुजरात राज्याच्या पाठबळावर अहमदाबादला नेली. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. साराभाईंनी जी निकड दाखवली ती आपल्या शहरात त्या वेळी कुणी दाखवली नाही, हे कबूल केलं पाहिजे. कलकत्त्याला एमआयटीच्या स्लोन स्कूलची मदत मिळाली, अहमदाबादला हार्वर्डची. मुंबई विद्यापीठाने १९६५ मध्ये बजाज कुटुंबाच्या देणगीतून आणि स्टॅनफर्डच्या सहकार्याने चर्चगेटला जमनालाल बजाज संस्था उभी केली. ती विद्यापीठाचाच विभाग राहिली, म्हणून फी बेताची राहिली. त्यामुळे चाळीतल्या मुलालाही तिथे जाण्याचं स्वप्न बघता आलं.

बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं १९ जुलै १९६९ ला. शाखा भराभर वाढल्या, माणसं लागली आणि माझ्यासारख्या मुलींना टेबल मिळालं. १९७८ मध्ये मी संध्याकाळच्या व्यवस्थापन पदविकेला नाव घातलं. सहा ते साडेआठ तास, नऊची चर्चगेट लोकल. वर्गात एक रसायन कारखान्यातले पर्यवेक्षक होते, दोन बंदरातले अधिकारी, एक औषध विक्रेते. शिक्षक संपाचं उदाहरण पुस्तकातून सांगू लागले की पर्यवेक्षक उठून सांगायचे, “सर, आमच्याकडे गेल्या महिन्यात असं झालं.” मग पुस्तक बाजूला ठेवून तास त्यांच्या कारखान्यात शिरायचा. १९८२ साली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मला त्या तासांची सारखी आठवण येई. गिरणीच्या दोन्ही बाजूंची माणसं एका बाकावर बसून बोलत होती, अशा जागा या शहरात फार नव्हत्या.

पुढचं सगळ्यांना दिसतंच आहे. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना वाट मोकळी झाली. नव्वदच्या दशकात एम.बी.ए.च्या पाट्या तालुक्याच्या गावी लागल्या. १९९९ पासून मुंबई विद्यापीठाने बी.एम.एस. ही तीन वर्षांची पदवी सुरू केली आणि बारावीनंतर थेट व्यवस्थापन शिकता येऊ लागलं. २०२४-२५ पासून बी.बी.ए., बी.एम.एस.ला राज्यात सामाईक प्रवेश परीक्षा आली. काही कॉलेजांनी ती टाळण्यासाठी पदवीचं नावच बदलून बी.कॉम. केलं. शंभरएक वर्षांपूर्वी ज्या नावावरून सुरुवात झाली, त्याच नावाकडे फिरून येणं झालं.

मी जिथे शिकवत होते तिथली संध्याकाळची तुकडी माझ्या निवृत्तीआधी पाच वर्षं बंद झाली. फी कमी येते, रात्री पहारेकरी ठेवावा लागतो, मान्यतेच्या कागदांत तिला जागा नाही, अशी कारणं दिली गेली. शेवटच्या तुकडीत बावीस जण होते. एक रिक्षाचालक होता, बी.कॉम. झालेला, तीन भावांच्या मिळून पाच रिक्षा होत्या. खर्च विश्लेषणाच्या तासाला त्याने गॅस, दुरुस्ती, विमा आणि हप्ता वेगवेगळे काढून प्रत्येक रिक्षामागे दिवसाला किती फेऱ्या केल्या तर तोटा होणार नाही ते फळ्यावर मांडलं. माझ्या तीस वर्षांत त्याहून चांगला ना नफा-ना तोटा बिंदू मी शिकवलेला नाही. त्याने आमच्या इमारतीत पाऊल ठेवलं ते केवळ साडेसहाला दार उघडं असायचं म्हणून.

आज व्यवस्थापनाचा पूर्णवेळ विद्यार्थी बावीस वर्षांचा, वडिलांच्या किंवा बँकेच्या पैशावर आलेला, कधी पगारपत्रक न पाहिलेला असा आहे. तो हुशार आहे, त्याचा दोष काही नाही. पण त्याच्या शेजारच्या बाकावरचा पर्यवेक्षक आणि रिक्षाचालक आपण उठवून लावलाय, आणि त्याबरोबर पेढीपासून चालत आलेली रीतही तुटली. ज्या संस्थांकडे जागा आहे, वीज आहे, शिक्षक आहेत, त्यांच्या विश्वस्तांना माझी हात जोडून विनंती आहे: आठवड्यातले तीन दिवस तरी संध्याकाळचा वर्ग पुन्हा उघडा. पहारेकऱ्याचा पगार माजी विद्यार्थी देतील. मी देते.

आणि तुमच्या घरात, माळ्यावर, लाल कापडाची लांबट वही असेल तर ती रद्दीत घालू नका. जवळच्या वाणिज्य महाविद्यालयाला द्या. माझी मी देऊ केली आहे, पुढच्या जूनपासून ती तिथल्या ग्रंथालयात असेल.