कामट्या, खळ आणि पतंगाचा कागद

शाळेच्या हीरक महोत्सवी ग्रंथात इमारतीचा, मुख्याध्यापकांचा आणि निकालांचा इतिहास येतो, आणि तो यायलाच हवा. परंतु ज्या वस्तू दरवर्षी निर्माण झाल्या आणि दरवर्षी रद्दीत गेल्या, त्यांचा इतिहास कोणी लिहीत नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गावर्गांत टांगलेले कंदील, पताकांच्या माळा, रक्षाबंधनाला खालच्या वर्गातील मुलांसाठी केलेल्या राख्या, संक्रांतीला तिळगुळासाठी रंगवलेली कागदी पाकिटे यांपैकी आज काहीही शिल्लक नाही. तरीही बडोद्यातील एका मराठी शाळेचे अंतरंग समजून घ्यायचे असेल, तर या नाशिवंत वस्तूंकडेच वळावे लागते.

मुलाच्या हाताला काम देणे हा शिक्षणाचाच भाग आहे, हा विचार फार जुना नाही. जर्मनीत फ्रोबेलने 1837 साली ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि 1840 मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. त्याने मुलांसाठी तयार केलेल्या साधनांना तो ‘देणग्या’ म्हणत असे. त्यांच्या जोडीला कागदाच्या घड्या, कागदाचे विणकाम, कातरकाम असे उद्योग असत. त्याच देशात, नीस्की या गावी मोरावियन पंथाच्या शाळेत 1830 च्या दशकात भूमितीचा पाठ म्हणून मुलांकडून कागदी तारा करवून घेतला गेला. आज नाताळात घरोघरी टांगल्या जाणाऱ्या अनेक टोकांच्या ताऱ्याचा जन्म असा वर्गातला आहे. सणाची शोभा पुढे आली. आधी होता तो गणिताचा तास.

आपल्याकडे हा विचार यायला बडोदे ही अनुकूल भूमी होती. सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली तालुक्यात आणि 1906 मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. 1890 मध्ये येथे कलाभवन सुरू झाले, आणि हातांच्या कौशल्याला विद्येचा मान मिळाला. 1920 साली भावनगरला गिजुभाई बधेका यांनी दक्षिणामूर्ती बालमंदिर उभे केले. काही वर्षांतच राजकोटहून ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. एक गुजराती शिक्षक आणि एक मराठी विदुषी यांनी मिळून बालशिक्षणाची पायवाट घातली, ही गोष्ट गुजरातेत मराठी शाळा चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना विशेष जवळची वाटावी. पुढे बोर्डी आणि कोसबाडला ताराबाईंनी महागड्या परदेशी साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने अशा भोवतालच्या वस्तू मुलांच्या हाती दिल्या. साधन स्वस्त असले म्हणून शिक्षण हलके ठरत नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा पुरस्कार केला, तर 1977 मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ हे लांबलचक नाव दिले. नावे बदलत गेली. आपल्या शाळेत मात्र त्या तासाला जुन्या शिक्षकांनी दिलेले ‘हस्तव्यवसाय’ हेच नाव दीर्घकाळ टिकले.

त्या तासाची सामग्री म्हणजे या गावाची आणि आपल्या भाषेची सांगडच होती. उत्तरायणात साऱ्या शहराच्या गच्च्यांवर फाटक्या पतंगांचा खच पडे. त्यांचा कागद आणि बांबूच्या काड्या आम्ही जपून ठेवत असू, आणि पुढच्या आश्विनात त्यांचेच कंदील होत. गुजराती सणाचे उरलेसुरले साहित्य मराठी दिवाळीच्या कामी येई. चांदणीच्या कंदिलाला 10 सारख्या लांबीच्या कामट्या लागत. पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या बांधून त्यांची टोके एकत्र आवळायची आणि मधोमध 5 आखूड तुकडे खोचून पोट फुगवायचे. एक कामटी बोटभर जरी लांब झाली तरी चांदणी वाकडी होई. प्रमाण म्हणजे काय, हे अनेकांना फळ्यावर उमगले नाही. ते तिथे उमगले.

भाषेचेही तसेच झाले. घरात मराठी बोलली जात असली, तरी गल्लीत आणि बाजारात गुजराती असे. कात्रीला ‘कातर’ आणि डिंकाला ‘गुंदर’ म्हणणारी मुले या तासाला खळ, कामटी, ताव, झिरमिळ्या, सुतळी, दुमडणे, आवळणे, चिकटवणे हे शब्द शिकत. हे शब्द पाठ्यपुस्तकात क्वचितच भेटतात. ते कामाच्या ओघात, बाईंच्या तोंडून, शेजारच्या मुलाच्या चुकीवरून कानी पडतात. महाराष्ट्राबाहेर मातृभाषा टिकते ती केवळ कवितांच्या पाठांतराने नाही. ज्या भाषेत हात काम करतात, ती भाषा अंगात मुरते.

नंतरच्या काळात तयार तोरणे आली, थर्मोकोलची अक्षरे आली, चिनी दिव्यांच्या माळा आल्या. अर्ध्या तासात वर्ग झगमगू लागला आणि मुले प्रेक्षक झाली. त्यात पालकांचा दोष मानणे अन्यायाचे होईल. वेळ कुणापाशीच उरला नव्हता. तथापि 1 जुलै 2022 पासून सजावटीच्या थर्मोकोलवर देशभर बंदी आली आहे, आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना 10 दिवस सुचवले आहेत. कायदा आणि धोरण दोन्ही, नकळत का होईना, आपल्या जुन्या तासाकडे बोट दाखवत आहेत.

वर्गातील बाके आता पूर्वीसारखी भरत नाहीत, हे आपण सारे जाणतो. पटसंख्या वाढवणे कुणा एकाच्या हाती नाही; एक कंदील करायला शिकवणे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे. म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती करावीशी वाटते. देणगी अवश्य द्या. पण येत्या दिवाळीपूर्वी एक दुपारही द्या. सोबत उत्तरायणाचे जपून ठेवलेले कागद आणा, वाटीभर खळ शिजवून आणा आणि मुलांशेजारी जमिनीवर बसा. पहिली चांदणी वाकडी होईल, होऊ द्या. ती सरळ करताना तुम्ही त्यांच्याशी जे बोलाल, तेच या शाळेचे पुढचे पान असेल.