कोडें आणि मनाची पारख
डोंबिवली स्थानकावर सुचलेल्या संख्यांना ‘डेम्लो’ नांव देणारे देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (1905–1986) जन्मभर आकड्यांत रमले. आज अशा रमण्यांत कोणी स्वमग्नता पाहील. परंतु गणिती कोड्यावरून मनाची ठेवण ओळखतां येते काय?

बॅट आणि चेंडू मिळून 110 रुपये. बॅट चेंडूहून 100 रुपयांनीं महाग. चेंडू कितीला? ‘दहा’ हें चटकन् सुचतें. खरें उत्तर पांच. 2016 सालीं बाथ विद्यापीठांतील ब्रॉस्नन प्रभृतींना स्वमग्न मंडळी या मोहास कमी बळी पडतांना दिसली. पुढील अभ्यासांत बुद्धिमत्तेचा हिशेब घेतां तो फरक टिकला नाहीं.

म्हणून मुलुंड-बोरिवलीच्या पालकांनीं कोडें आनंदासाठीं द्यावें; एका उत्तरावरून मुलावर शिक्का मारूं नये. ती पारख तज्ज्ञांनीं करावी.