सातशे पौंडांचा बंगला

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांविषयी बोलतो. आजचा विषय लढाई संपल्यानंतरचा आहे. शिपाई घरी परततो तेव्हा त्याला घर कोण देतं, आणि ते घर कसं असतं? त्यासाठी आपल्याला दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहराच्या एका उपनगरात जायचं आहे. उपनगराचं नाव कर्नल लाइट गार्डन्स. कर्नलच्या नावाची वसाहत म्हटल्यावर माझ्यासारख्या तोफखान्यातल्या माणसाचे कान टवकारणारच. माझी मुलगी त्या शहरात राहते, त्यामुळे ही वसाहत मला गल्लीबोळांसकट पायी हिंडून बघता आली.

आधी घर बघू. एकमजली. रुंद दुपाखी छप्पर, उतार कमी, त्रिकोणी बाजू रस्त्याकडे. वळचण भिंतीच्या बरीच बाहेर आलेली, कारण तिथला उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो. पुढे छोटी ओसरी आणि तिला आखूड, जाडजूड खांब. बैठक मारून बसलेल्या पैलवानासारखे. आत चार-पाच खोल्या: पुढे शेकोटी असलेली बैठकीची खोली, झोपायच्या खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि धुण्याची जागा. बस्स. या घरात दिपवणारं काहीही नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ऑस्ट्रेलियात अशी घरं हजारोंनी बांधली गेली आणि त्यांना म्हणतात कॅलिफोर्निया बंगलो.

हा शब्द आपल्याकडचा, हे तुम्ही ओळखलंच असेल. बंगाली पद्धतीची झोपडी ती बंगला. सतराव्या शतकापासून कंपनीच्या लोकांनी हा शब्द उचलला, मग घराचा आराखडा उचलला आणि छावण्यांमध्ये त्याचा साहेबी अवतार उभा केला. तिथून तो इंग्लंडला गेला, अमेरिकेत गेला, कॅलिफोर्नियात त्याला बसकं छप्पर आणि लाकडी तुळयांचा थाट मिळाला आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तो ऑस्ट्रेलियात उतरला. कौलांची गोष्टही अशीच. तिथल्या अनेक बंगल्यांवर जी लाल खाचेची कौलं दिसतात त्यांना ते मार्सेय कौलं म्हणतात. कोकणातला माणूस त्यांना बघताक्षणी मंगळुरी म्हणेल, आणि त्यात फारसं चुकणार नाही. एकमेकांत अडकणाऱ्या फ्रेंच कौलांचंच तंत्र बासल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला आणलं होतं.

पण शब्द आणि कौलं तीच असली तरी घर तेच नाही. मी नोकरीत देवळालीला, महूला, अंबाल्याला छावणीतल्या जुन्या बंगल्यांत राहिलो आहे. उंच जोतं, चारी बाजूंनी व्हरांडा, मोठं आवार. स्वयंपाकघर मुख्य इमारतीपासून दूर, म्हणजे धूर, वास आणि माणसं साहेबापासून लांब. आवाराच्या टोकाला नोकरांच्या खोल्यांची रांग. आणि न्हाणीघराला बाहेरून उघडणारं एक वेगळं दार. ते दार मैला उचलणाऱ्या माणसासाठी होतं, म्हणजे त्याला घरातून यावं लागू नये. आपण त्या बंगल्यांचं गारव्यासाठी कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण नकाशा नीट वाचला तर ते घर एका कुटुंबासाठी नसून एका कुटुंबासाठी राबणाऱ्या आठ-दहा माणसांच्या हिशोबाने बांधलेलं आहे, हे कळतं.

ॲडलेडच्या घरात नेमकं हेच गायब आहे. नोकरांची रांग नाही, बाहेरचं दार नाही. स्वयंपाकघर घरात आलं, कारण स्वयंपाक घरातलीच बाई करणार होती. व्हरांडा आक्रसून ओसरीएवढा झाला. साहेबाचं घर शिपायाला परवडलं ते असं, नोकर वजा करून. माझ्या मते बंगल्याच्या तीनशे वर्षांच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच आहे, आणि वास्तुकलेच्या पुस्तकांत खांबांवर आणि छपरावर जेवढी पानं खर्च होतात त्याच्या निम्मीही यावर होत नाहीत.

आता हे शिपायाचं घर कसं झालं ते सांगतो. ही सगळी मैदानं मुळात कौर्ना लोकांची. वसाहतीच्या काळात इथे ग्रेंज फार्म नावाचं शेत होतं. ते १९१५ मध्ये सरकारने विकत घेतलं आणि युद्ध चालू असल्यामुळे तिथे आधी उभी राहिली छावणी, मिचम कॅम्प. दक्षिण ऑस्ट्रेलियातून सुमारे ३५ हजार माणसं त्या युद्धात भरती झाली, त्यांतली कितीतरी इथे कवायत करून जहाजावर चढली. गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर २५ एप्रिल १९१५ रोजी ऑस्ट्रेलियन फौज उतरली त्याच दिवशी तिच्या मदतीला खेचरांवरून तोफा घेऊन उतरलेली २६ नंबरची जेकब्स माउंटन बॅटरी आपली होती, हे जाता जाता सांगायला हवं. तोफखानावाल्याला एवढी सूट द्या.

युद्ध संपल्यावर त्या कवायतीच्या जागेवर उद्यान-उपनगर वसवायचं ठरलं. १९१९ मध्ये त्यासाठी कायदा झाला. आराखडा काढला चार्ल्स रीड या सरकारी नगररचनाकाराने. वळणदार रस्ते, झाडं, घरांच्या मागे लपलेली छोटी मैदानं, आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे परसामागच्या अरुंद सेवागल्ल्या. विजेचे खांब आणि सेवावाहिन्या मागून नेल्या, त्यामुळे पुढचा रस्ता मोकळा राहिला. पुरवठ्याची वाट आघाडीच्या मागून न्यावी, हे आम्हाला अकादमीत शिकवतात. रीडला ते न शिकवता समजलं होतं. वसाहतीला नाव मिळालं कर्नल विल्यम लाइटचं. हा ॲडलेड शहराचा आखणीकार. वेलिंग्टनच्या हाताखाली स्पेनच्या मोहिमेत होता. वेलिंग्टन म्हणजे १८०३ साली आपल्याकडे असईला लढलेला वेलस्ली. लाइटचा जन्म मलायातला, आई मिश्र वंशाची. आणि योगायोग बघा, रीड १९२१ मध्ये नोकरीसाठी गेला तो मलायालाच. त्याचं उपनगर तेव्हा जेमतेम सुरू झालं होतं.

खरा वेग आला १९२४ मध्ये. जॉन गन यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने ‘थाउजंड होम्स’, म्हणजे हजार घरांची योजना आणली. घराची किंमत जास्तीत जास्त ७०० पौंड, सुरुवातीला भरायचे २५ पौंड, बाकी स्टेट बँकेकडे दीर्घ मुदतीच्या हप्त्यांनी. प्राधान्य परतलेल्या सैनिकांना, सैनिकांच्या विधवांना आणि कमी मिळकतीच्या मोठ्या कुटुंबांना. या हजारातली बहुसंख्य घरं इथे उभी राहिली. सगळी एका साच्यातली वाटू नयेत म्हणून पुढची बाजू थोडी थोडी बदललेली. दहा वर्षांपूर्वी जिथे तंबू होते तिथे आता पडदे लावलेल्या खिडक्या.

हे चित्र जितकं गोड दिसतं तितकं नव्हतं. ऑस्ट्रेलियात युद्धावरून परतलेल्या मूळनिवासी सैनिकांना जमिनीच्या सैनिकी योजनांतून बहुतेक ठिकाणी डावललं गेलं. आणि ज्यांना घर मिळालं त्यांच्यापुढे १९२९ नंतरची मंदी उभी राहिली. १९३२ च्या सुमाराला ऑस्ट्रेलियातल्या कामगार संघटनांच्या सभासदांपैकी तीस टक्क्यांच्या आसपास लोक बेकार होते. अशा वेळी स्वतःच्या घराचा हप्ता भरणं म्हणजे काय, ते कर्ज काढून घर घेतलेल्या कुणालाही सांगायला नको.

तरीही मी तिथे फिरताना मनात तुलना येत होतीच. त्या युद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय परदेशी आघाड्यांवर गेले. पंजाबात काहींना कालव्याच्या वसाहतींत जमिनी मिळाल्या. आमच्याकडे काय झालं? १९१७ मध्ये माणसं हवी होती म्हणून १११ महार ही पलटण उभी केली आणि १९२१ पर्यंत मोडून टाकली. कर्नल लाइटच्या नावाने शिपायांसाठी बंगल्यांचे रस्ते आखले जात होते, त्याच सुमाराला. ज्या समाजाला छावणीतल्या बंगल्यात मागच्या दाराने यावं लागायचं, त्या समाजाची ही पलटण. पुढे महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं. आमच्या छावण्यांत बंगला अधिकाऱ्याचाच राहिला आणि शिपायाच्या वाट्याला आली लाइन. स्वातंत्र्यानंतरही जवानाला कुटुंबासह राहायची खोली मिळणं ही वर्षानुवर्षं नंबर लावून वाट बघायची गोष्ट होती. माझ्या बॅटरीतली माणसं सुट्टीपेक्षा जास्त चौकशी त्या यादीची करायची.

कर्नल लाइट गार्डन्सचा कारभार १९७५ पर्यंत एक सरकारी आयुक्त बघत असे, निवडून आलेली नगरपालिका नव्हती. मग ती वसाहत मिचम नगरपालिकेत गेली. २००० साली तिला राज्य वारसा क्षेत्र म्हणून संरक्षण मिळालं. आता तिथे घराची पुढची बाजू मनाला येईल तशी बदलता येत नाही. वाढवायचं ते मागे, रस्त्यावरून दिसणार नाही असं. ज्या घरांत पूर्वी सहा-सात मुलं वाढली तिथे आता बहुधा दोघं-तिघं राहतात, आणि मागची नवी खोली कधीकधी मूळच्या घराएवढी असते. पुढून मात्र तोच बसका खांब आणि तीच ओसरी.