आयसोटोपी : बंद वक्रांचे वर्गीकरण

संस्थितिविज्ञानातील (टोपॉलॉजीतील) वर्गीकरणाची एक पद्धत. अवकाश कोठेही न फाडता व न चिकटवता संततपणे हलवून त्यातील एका आकृतीची दुसरी करता आली, तर त्या दोन आकृती आयसोटोपिक म्हणजे एकाच वर्गातील मानतात. स्वतःला न छेदणारा प्रत्येक बंद वक्र मुळात वर्तुळच असतो; त्याचे किती वर्ग पडतात, हे भोवतीच्या अवकाशावर अवलंबून असते.

पृष्ठांवरील वक्र : जॉर्डन व शोएनफ्लीस यांच्या प्रमेयांनुसार गोलपृष्ठावर असे सर्व वक्र एकाच वर्गात मोडतात. टोरसवर (मेदूवड्यासारख्या पृष्ठावर) मात्र अनंत वर्ग पडतात. बिंदूत आकसू शकणाऱ्या वक्रांचा एक वर्ग. बाकीचे वक्र लांब व आखूड बाजूंच्या फेऱ्यांवरून ओळखतात. या दोन संख्या सहमूळ असाव्या लागतात : (२, ३) चालते, (२, ४) फेरे घेणारा वक्र स्वतःला छेदल्यावाचून राहत नाही.

त्रिमितीय अवकाशातील गाठी : टोरसवरील (२, ३) आणि (३, २) हे वक्र भिन्न असले, तरी त्रिमितीय अवकाशात दोन्हींची एकच त्रिदल गाठ होते, (१, ५) हा वक्र तर सुटून साधे वर्तुळ बनतो. येथे वक्राबरोबर सारे अवकाश हलवण्याची अट कळीची आहे. नुसता वक्र हलवला, तर गाठ आवळत नेऊन एका बिंदूत नाहीशी करता येते.

कुर्ट रायडेमायस्टर यांनी १९२७ मध्ये दाखवले, की एकाच गाठीच्या कागदावर काढलेल्या दोन आकृत्या तीन प्रकारच्या बदलांनी परस्परांत रूपांतरित होतात. या बदलांत टिकणारा गुण गाठी वेगळ्या ठरवतो. उदा., आकृतीतील प्रत्येक सलग तुकड्याला तीनपैकी एक रंग द्यायचा. प्रत्येक छेदापाशी (जेथे एक तुकडा दुसऱ्यावरून जातो तेथे) येणारे तिन्ही तुकडे एकाच रंगाचे किंवा तीन वेगळ्या रंगांचे हवेत आणि एकूण किमान दोन रंग वापरायला हवेत. त्रिदल गाठीला हे जमते, वर्तुळाला नाही. म्हणून ती सुटत नाही. तिची आरशातील प्रतिमाही भिन्न असल्याचे माक्स डेन यांनी १९१४ मध्ये सिद्ध केले.

गाठींच्या जुन्या कोष्टकांत वेगळ्या म्हणून नोंदलेल्या दोन गाठी एकच असल्याचे न्यूयॉर्कचे वकील केनेथ पर्को यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. आरशातील प्रतिमा वेगळ्या न मोजता दहा छेदांपर्यंतच्या अविभाज्य (दोन गाठी जोडून न बनणाऱ्या) गाठी २४९ भरतात. चतुर्मितीय अवकाशात मात्र अशा सर्व गाठी सुटतात आणि वर्ग पुन्हा एकच उरतो.